वाटणीच्या सूत्रातली मिनिटं

आयोग येणार म्हटलं की अर्थखात्याच्या इमारतीत आधी रंगारी येत. दर पाच वर्षांनी हा सोहळा ठरलेला. जिन्याच्या भिंतीवरचे हातांचे डाग झाकले जात, मोडक्या खुर्च्या तळघरात रवाना होत, पडदे धुऊन येत आणि शौचालयाच्या दारावर वर्षानुवर्षं लटकणारी 'नादुरुस्त' ही पाटी एका दिवसात नाहीशी होई. या वेळी रंगारी बादली घेऊन तिसऱ्या मजल्याच्या टोकाला, सांख्यिकी शाखेच्या दारात उभा राहिला, तेव्हा आतल्या बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"ही ओल रंगाने जाते का हो?"

"जात नाही, झाकते," रंगारी म्हणाला. माणूस प्रामाणिक होता.

"मग राहू दे. दिसू दे त्यांना."

या बाईंना कचेरीतले लोक तोंडावर ताई म्हणत आणि पाठ वळली की तक्ताबाई. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काहीही वाटत नव्हतं. चौतीस वर्षांपूर्वी टंकलेखक म्हणून त्या इथे चिकटल्या. टाइप करायला येणाऱ्या तक्त्यांतल्या बेरजा चुकलेल्या असत आणि त्या दुरुस्त केल्याशिवाय यांना चैन पडत नसे. मग कुणीतरी शहाणपण दाखवून त्यांना सांख्यिकी शाखेतच बसवलं. वडील रस्तादुरुस्तीच्या टोळीवर मुकादम होते. गाव वरच्या खोऱ्यात. मोटाररस्ता जिथे हात टेकतो तिथून पुढे पायी. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर "बेरीज बरोबर आली नाही" एवढंच त्या सांगत. जीभ तिखट होती. पण कुणाच्या घरी आजारपण निघालं, तर डब्यात सूप घेऊन सगळ्यांत आधी त्याच हजर होत.

आता ही वाटणी म्हणजे काय भानगड, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. विषय रुक्ष आहे, पण पोटाशी बांधलेला आहे. एकत्र कुटुंबात सगळे भाऊ आपापली मिळकत थोरल्याच्या हातात ठेवतात आणि थोरला ज्याच्या त्याच्या संसाराकडे बघून वाटा परत देतो, तसंच देशाचंही. मोठे मोठे कर सगळे राजधानीत जमा होतात. त्यातला किती भाग कुठल्या प्रांताला परत द्यायचा, हे दर पाच वर्षांनी एक आयोग ठरवतो. त्यासाठी सूत्र असतं. निम्मं वजन माणसांच्या संख्येला, पाव जमिनीला, पाव गरिबीला. ऐकायला अगदी चोख. गोम अशी, की जमीन मोजायची ती नकाशावर, आणि नकाशाला चढ दिसत नाही. नकाशावर चार बोटं असलेलं अंतर सपाटीवरच्या प्रांतात बस अर्ध्या तासात कापते. इथे त्याच चार बोटांना अर्धा दिवस लागतो आणि गुडघे जातात ते वेगळेच.

मागच्या वाटणीत या प्रांताचा वाटा घटला आणि वरच्या खोऱ्यातली सात आरोग्य उपकेंद्रं बंद पडली. आताही तसंच झालं तर आणखी अकरा बंद करायची, अशी यादी सचिवसाहेबांच्या खणात तयार होती. ती तक्ताबाईंनीच टाइप केली होती. पहिल्या क्रमांकावर त्यांच्याच गावचं उपकेंद्र होतं आणि तिथे एकटीने नर्सचं काम करत होती त्यांची भावजय, धाकट्या भावाची बायको. उपकेंद्र गेलं तर तिची बदली झाली असती, तिचा पगार बुडाला नसता. पण खोऱ्यातल्या चारशे घरांना मग बाळंतपणासाठी एक अख्खा दिवस डोंगर उतरावा लागला असता. दिवस उतरायला मिळतो असं बाळंतपणात दर वेळी होत नाही. 

पण तक्ताबाईंच्या कपाटात एक हत्यार होतं. लस टोचायला वस्त्यावस्त्यांवर जाणाऱ्या नर्सच्या रोजनिशीत 'निघाल्याची वेळ' आणि 'पोहोचल्याची वेळ' असे दोन रकाने असत. का असत ते कुणालाच माहीत नव्हतं आणि कुणी वाचतही नसे. तक्ताबाई वाचत. एकोणीस वर्षं त्या दर महिन्याला ते आकडे आपल्या वहीत उतरवत आल्या होत्या. खाली शहरात नर्सला एका बाळापर्यंत पोहोचायला सरासरी नऊ मिनिटं लागत. वरच्या खोऱ्यात दोन तास पस्तीस मिनिटं. म्हणजे टोचण्या-तपासण्याचा वेळ दोन्हीकडे सारखा धरला, तरी खालची एक नर्स जेवढ्या बाळांना पुरते, तेवढ्यांसाठी वर चार-पाच लागणार. सूत्रात घालायला हवी ती ही मिनिटं, असं त्यांचं म्हणणं. इकडे साहेबांनी वाटा वाढवून मागण्यासाठी बाहेरून सल्लागार नेमले होते, भरपूर फी देऊन. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आयोगाच्या स्वागताची बैठक भरली, तेव्हा सचिवसाहेब खुशीत होते. माणूस वाईट नव्हता, पण पाहुण्यांसमोर चांगली चादर अंथरायची हौस भारी. "नवं रुग्णालय दाखवू. धरण दाखवू. एक छोटी फिल्म केली आहे, संगीत सुरेख आहे."

"साहेब, आणि वरचं खोरं?" तक्ताबाईंनी विचारलं.

"ताई, घरातली लाज चव्हाट्यावर कशाला मांडायची? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"असेल. पण मागायला जाताना मूठ झाकून कसं चालेल? हातावर कुणी ठेवायचं तरी काय?"

बैठकीत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकल्याचं नाटक केलं. साहेब लाल झाले. तक्ताबाईंनी सादरीकरणाच्या दिवशी शेवटच्या रांगेत बसावं आणि विचारल्याशिवाय बोलू नये, असं फर्मान निघालं. त्या बसल्या. वही मात्र मांडीवर होती.

आयोगाच्या अध्यक्षबाई सत्तरीच्या, बारीक चणीच्या, कुणाच्याही बोलण्याने भारावून न जाणाऱ्या. त्यांच्या शेजारी एक तरुण अर्थशास्त्रज्ञ सदस्य. त्याच्या मनगटावर पावलं मोजणारं, नाडी मोजणारं, बहुधा विचारही मोजणारं भलंमोठं घड्याळ होतं. फिल्म झाली. चकचकीत रुग्णालय, हसरी मुलं, धरणाचं फेसाळतं पाणी. दिवे लागले. अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या, "फार छान. मनापासून अभिनंदन. इतकं सगळं उत्तम चाललं आहे, तर तुम्हाला जास्त वाटा कशासाठी हवा?"

 साहेबांनी सल्लागारांकडे पाहिलं, सल्लागारांनी पाण्याच्या ग्लासाकडे. मग साहेबांची नजर हळूहळू मागच्या रांगेपर्यंत गेली आणि तिथे थांबली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण ही काडी खमकी होती.

"सांगू?" तक्ताबाईंनी उभं राहून विचारलं. आणि मान हलायची वाट न बघता सांगायला सुरुवात केली. फिल्ममधल्या रुग्णालयापासून वरच्या खोऱ्यापर्यंत, मिनिटामिनिटांनी. बारा मिनिटांत त्यांनी वही संपवली.

घड्याळवाला सदस्य पुढे झुकला. "रंजक आहे. पण मॅडम, हे आकडे कामगारांनी स्वतः लिहिलेले. माणूस स्वतःच्या कामाची वेळ लिहितो तेव्हा ती फुगवून लिहितो. जगभर असंच असतं."

"आमच्याकडे नाही."

"हे कशावरून?"

"उद्या धरण बघायच्या ऐवजी माझ्याबरोबर चला. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

अध्यक्षबाई पहिल्यांदाच हसल्या. त्यांचे गुडघे चढण्याजोगे नव्हते. पण सदस्याला त्यांनी जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मोटाररस्ता संपतो तिथे भावजय लसीची पेटी खांद्याला लावून उभी होती. महिन्याच्या पुरवठ्यासाठी ती तशीही खाली उतरत असे. सदस्याने युक्ती काढली. आपलं घड्याळ काढून त्याने तिच्या मनगटावर बांधलं. "तुम्ही रोजच्या चालीने जा. आमच्यासाठी थांबू नका. रोजनिशीत नेहमीसारखं लिहा. मग बघू." भावजयीने घड्याळाकडे विंचू बसावा तसं पाहिलं आणि ती पहिल्या वळणाआड दिसेनाशी झाली. मागून हे दोघे. सदस्याचे बूट महागाचे होते, पण चढाला किंमत कळत नाही. अर्ध्या वाटेत त्याने अर्थशास्त्र बोलणं बंद केलं, ओढ्याच्या पलीकडे त्याने बोलणंच बंद केलं. तक्ताबाई सत्तावन्न वर्षांच्या पायांनी त्याच्या पुढे चालत होत्या आणि मनातून बेहद्द खूश होत्या.

वर पोहोचेपर्यंत भावजयीचं दोन बाळांना टोचूनही झालं होतं. सदस्य पायरीवर बसला, घटाघटा पाणी प्यायला, घड्याळ परत घेतलं आणि रोजनिशी मागितली. बराच वेळ त्याने एकदा घड्याळाकडे, एकदा वहीकडे पाहिलं.

"रोजनिशीत दोन तास पस्तीस मिनिटं लिहिलंय," तो म्हणाला. "घड्याळात तीन तास पंचवीस."

तक्ताबाईंना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. त्या भावजयीकडे वळल्या. "अगं, पन्नास मिनिटं कुठे गेली?"

भावजय ओशाळली. "ओढ्याला पाणी होतं वन्सं, ओसरेपर्यंत बसले. मग वरच्या वळणावर पेटी उतरवून दम खाल्ला. खालच्या वस्तीवर ती बाळंतीण आहे ना, तिला जरा बघितलं. ते सगळं कापलं."

"कापलं? कापायला कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला हवं? बसलेल्या वेळेचा पगार कोण घेतं?"

"सगळ्याच असं लिहितात?"

"सगळ्याच. लाज नाही का वाटणार?"

तक्ताबाई पायरीवर बसल्या. राग आला, भावजयीचा नाही, स्वतःचा. त्या स्वतः याच खोऱ्यातल्या. दम लागला तरी सांगायचं नाही, हे त्यांनी आईच्या दुधाबरोबर घेतलेलं. आणि तरी एकोणीस वर्षांत त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं, की इथली बाई आपलं थकणं वहीत लिहिणारच नाही. साहेबांच्या झाकल्या मुठीला त्या हसत होत्या आणि त्यांच्याच कपाटात तसल्या हजारो मुठी रचून ठेवलेल्या होत्या. चारचौघांत फुशारकीने वाचलेला एकही आकडा खरा नव्हता. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पदराने सरळ पुसलं, लपवलं नाही.

"मग आता ही वही मला अहवालात वापरता येणार नाही," सदस्य म्हणाला. त्यालाही वाईट वाटत होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. "आकडे चुकीचे आहेत."

"चुकीचेच आहेत," तक्ताबाई म्हणाल्या. कुणी दुसरं असतं तर म्हणालं असतं, चूक आमच्याच तोट्याची आहे ना, मग चालवून घ्या. यांना चुकलेली बेरीज कधी चालली नव्हती. "सगळ्या जणींची वेळ पुन्हा घेतली पाहिजे. घड्याळ लावून."

"तुमच्या एकट्या प्रांताची घेतली तर ती तुमची मागणी होईल. सगळ्या प्रांतांची घेतली तर ते माप होईल."

"मग सगळ्यांची घ्या. तक्ता मी देते."

आणि तिथेच, त्याच पायरीवर, रोजनिशीच्या कोऱ्या पानावर त्यांनी रेघा मारल्या. निघाले, चालले, थांबले, का थांबले, पोहोचले. 'थांबले' या रकान्याखाली त्यांनी दोनदा रेघ ओढली. सदस्याने त्या पानाचा फोटो काढला आणि अध्यक्षबाईंना पाठवायला नेटवर्क शोधत तो पुन्हा अर्धा डोंगर उतरला. ज्याला सकाळी चढवत नव्हतं, तो आता पळत सुटला होता.

महिन्याभरात आयोगाने तो तक्ता सगळ्या प्रांतांना धाडला. इथल्या नर्सकडून पहिल्या आठवड्याचे कागद आले ते 'थांबले' रकाना कोरा ठेवूनच. तक्ताबाईंनी फोन उचलला आणि एकशे शहाण्णव जणींना एकेक करून झापलं. "बाई, ओढ्याने अडवलं, म्हणजे तू हौसेने थांबलीस का? दम लागतो तो कामामुळेच लागतो ना? मग लिही!" दुसऱ्या आठवड्यात रकाने भरायला लागले, तिसऱ्यात खरे भरायला लागले. भावजयीने पहिल्यांदा 'दम खाल्ला, अकरा मिनिटं' असं लिहिलं तेव्हा म्हणे तिने दार लावून घेतलं होतं.

राजधानीत सर्व प्रांतांची सुनावणी झाली, तेव्हा सचिवसाहेबांनी तक्ताबाईंना शेजारी बसवून नेलं. सपाटीवरच्या प्रांताचा प्रतिनिधी उठला. गडी बोलण्यात तयार होता. "आम्ही जास्त कर भरतो. यांच्या डोंगरांचा भुर्दंड आम्ही का सोसायचा? माणशी समान, हाच न्याय."

साहेबांनी तक्ताबाईंच्या पुढ्यातला माइक चालू केला. एवढंच केलं, पण ते त्यांनी आपणहून केलं.

"आमच्या घरात आम्ही भावंडं पाच," तक्ताबाई म्हणाल्या. "पाणी आणायला जायचा तो भाऊ रोज दोनशे पायऱ्या चढायचा. आई त्याला एक पोळी जास्त वाढायची. आम्ही चौघं कुरकुरलो, तर आई म्हणाली, उद्या तुम्ही जा, तुम्हाला वाढते. आमच्यातला एकही उठला नाही."

हशा ओसरेपर्यंत खाडीकाठच्या प्रांताची प्रतिनिधी उभी राहिली. तिच्या नर्स दिवसातले तीन तास होडीची वाट बघत धक्क्यावर बसतात, हे तिला या तक्त्यामुळे पहिल्यांदा कळलं होतं. मग वाळवंटी प्रांताचा माणूस उठला. आणि शेवटी घड्याळवाल्या सदस्याने चष्मा पुसत सपाटीवाल्यांना सांगितलं, "तुमच्या सर्वांत मोठ्या शहरातली नर्स रोज सत्तर मिनिटं पुलावर गर्दीत अडकून उभी असते. रकाना तुमचाही भरलाय साहेब." सपाटीवाला गडी खाली बसला आणि आपले कागद शोधायला लागला. त्या घटकेपासून हे गाऱ्हाणं एका प्रांताचं राहिलं नाही.

अहवाल आला त्या दिवशी सचिवसाहेब तीन मजले चढून स्वतः सांख्यिकी शाखेत आले. धाप लागली होती. सूत्रातल्या जमिनीच्या वजनातलं निम्मं वजन आता 'सेवा पोहोचण्यास लागणाऱ्या वेळे'ला मिळालं होतं, थांबण्याच्या वेळेसकट. प्रांताचा वाटा गेल्या वीस वर्षांत नव्हता तेवढा वाढला होता. साहेबांनी तो परिच्छेद सगळ्या शाखेसमोर मोठ्याने वाचला, कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "ताई, मी चुकलो होतो." चौतीस वर्षांत त्या इमारतीत हे वाक्य कुणी वरिष्ठाने उच्चारलं नव्हतं.  मग शाखेतली सगळी मंडळी उभी राहून टाळ्या वाजवायला लागली आणि तक्ताबाई खुर्चीत बसून लहान मुलीसारख्या हसत राहिल्या.

उपकेंद्राचं पत्र टपालाने वर जायला आठ दिवस लागले असते. तक्ताबाईंनी रजा टाकली आणि पत्र पर्समध्ये घालून स्वतः डोंगर चढल्या. वाटेत तीनदा बसल्या, बिनदिक्कत. वर पोहोचेपर्यंत बातमी कशी कोण जाणे त्यांच्याही आधी पोहोचली होती, आणि उपकेंद्राच्या पायऱ्यांवर म्हातारे, पोरं काखेला मारलेल्या बाया, भाऊ, शेजारपाजारचे, सगळे दाटीवाटीने जमले होते. भावजय दारात उभी होती, हात पुसत.

तक्ताबाईंनी चष्मा लावला. "अनुक्रमांक एक येथील उपकेंद्र बंद करण्याचा प्रस्ताव रद्द करण्यात येत असून, सदर ठिकाणी परिचारिकेचे एक अतिरिक्त पद मंजूर करण्यात येत आहे."

 सरकारी भाषा पोटात उतरायला वेळ लागतो.

"म्हणजे?" भावजयीने विचारलं.

"म्हणजे हे दार बंद होणार नाही. आणि तुझ्याबरोबर आणखी एक नर्स येणार."

भावजय एक पायरी खाली उतरली. "पुन्हा वाचा, वन्सं."

तक्ताबाईंनी पुन्हा वाचलं. या वेळी 'रद्द'पर्यंत पोहोचल्या आणि चष्मा काढून पुसायला लागल्या. भावजयीने पुढे होऊन कागद त्यांच्या हातातून घेतला, एका हाताने नणंदेला धरलं, आणि खालच्या वस्तीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात स्वतःच पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. 'मंजूर' या शब्दाला पायऱ्यांवरची सगळी माणसं एकदम ओरडली.